‘चालतंय ना, मग झालं!’ म्हणणाऱ्यांसाठी

“वायफाय चालतंय ना, मग तत्त्वाच्या गप्पा कशाला?” हे इतक्यांदा ऐकलंय की आज जरा सविस्तरच लिहितो.

डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली जुनी लिनक्स प्रणाली. उबुंटू तिच्यावरच उभी आहे. 1997 साली या मंडळींनी वापरणाऱ्यांशी जाहीर ‘सामाजिक करार’ केला. त्यांच्या भांडारात कप्पे आहेत. ‘मेन’मध्ये पूर्ण मुक्त सॉफ्टवेअर, ‘नॉन-फ्री’मध्ये बंदिस्त. आणि तिसरा ‘कॉन्ट्रिब’, मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो तो हाच. यात काय जातं? जे स्वतः मुक्त आहे, पण बंदिस्त मालावाचून ज्याचं पान हलत नाही ते. माणूस सज्जन, पण सावकाराच्या वाड्यावर हजेरी लावल्याशिवाय चूल पेटत नाही, तसं.

सोवळं वाटतंय? मग बिटकीपर आठवा. 2002 पासून लिनक्स कर्नलचं काम या बंदिस्त प्रणालीवर चालायचं. फुकट होती, छान होती. 2005 मध्ये कंपनीने फुकट वापराची सवलत काढून घेतली आणि लिनस टोरवाल्ड्सना घाईघाईने स्वतःच ‘गिट’ लिहायला बसावं लागलं. ते टोरवाल्ड्स होते म्हणून निभावलं. तुमच्या-माझ्या ऑफिसात कोण बसणार लिहायला?

आमच्या धंद्यातलंच सांगतो. युनिकोड रुळण्याआधी मराठी डीटीपीत प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची अक्षरजुळणी वेगळी. मी उमेदवारी केली त्या साप्ताहिकाच्या तेव्हाच्या फायली आज उघडल्या तर नुसती गिचमिड दिसते. बातमी आमची, भाषा आमची, किल्ली दुसऱ्याच्या खिशात!

आता 2022 चं बघा. वायफाय, ग्राफिक कार्ड यांना लागणारं बंदिस्त फर्मवेअर डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येच द्यायचं का, यावर डेबियनच्या डेव्हलपरांनी मतदान केलं. द्यायचं ठरलं. 2023 च्या डेबियन 12 पासून त्यासाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा वेगळा कप्पा आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन डेबियनला आपल्या शिफारशीच्या यादीत घेत नाही. त्यांचा हट्ट मला समजतो, पण पटत नाही. तालुक्याच्या पोराच्या सेकंडहँड लॅपटॉपवर इन्स्टॉल करतानाच नेट लागलं नाही, तर तो लिनक्सचं नाव पुन्हा काढणार नाही.

पण म्हणून “आता कप्पेच कशाला, सगळं एकत्र टाका” म्हणणारे जे उगवलेत, त्यांना माझा साफ विरोध आहे. डेबियनने तडजोड केली ती उघडपणे, मत मोजून, पाटी लावून. पाटी काढलीत तर ती तडजोड राहत नाही, लपवाछपवी होते. एफ-ड्रॉइडवर ॲप घ्यायला गेलात तर ते बंदिस्त गोष्टीवर अवलंबून असल्याचा इशारा तिथेच छापलेला असतो. तरी घ्यायचं तर घ्या, तुमची मर्जी. पण माहीत असून घ्या.

उद्या तुमची नगरपालिका किंवा कॉलेज “आमची सिस्टिम ओपन सोर्स आहे” असं छाती फुगवून सांगेल. तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी लेखी विचारा: डेटाबेस कुणाचा? नकाशे कुणाचे? फॉन्ट कुणाचा? यातलं एक जरी उद्या मालकाने बंद केलं, तर दाखले मिळणार की खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन’चा कागद लागणार? उत्तर मिळालं तर मला पाठवा, छापतो.