हात दाखवून अवलक्षण

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी चारचौघांसारखा मोटार चालवत असे. म्हणजे एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताने समोरच्या स्कूटरवाल्याची अक्कल काढायची आणि तोंडाने महानगरपालिकेचा उद्धार करायचा. मग मला दुर्बुद्धी झाली आणि मी आमच्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग काढून टाकलं. आज हे लिहायला बसलोय ते ज्यांनी मला तो सल्ला दिला त्यांची हजेरी घ्यायला. हजेरीपटावर पहिलं नाव माझंच आहे, हे आधीच सांगून टाकतो. उगाच नंतर कुणी उठून दाखवायला नको.

गाडी 2006 सालची. कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण यात तिचा काही दोष नाही. पंधरा वर्षं झाल्यावर तिला आरटीओत नेऊन रीतसर पुन्हा बारसं करून आणलं होतं. अशा वयात माणसाचेही सांधे कुरकुरतात, तर गाडीचं काय घेऊन बसलात! एके सकाळी पार्किंगच्या फरशीवर लाल ठिपके दिसले. सौ.ला वाटलं, कुणाचं तरी कुंकू सांडलं. वॉचमनला वाटलं, कुणीतरी पान खाऊन थुंकलं. आणि हे वाटत असताना तो नेमका माझ्याकडे बघत होता. शेवटी गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री गाडीखाली गेला आणि तिथूनच त्याने निदान केलं, "साहेब, रॅकचं सील गेलंय. पंपपण रडतोय."

"किती?" मी विचारलं.

"अठरा हजार धरून चला."

मी काहीच धरलं नाही. फक्त गाडीला धरून उभा राहिलो. माझा चेहरा बघून मिस्त्रीला दया आली. म्हणाला, "नायतर काढूनच टाकू की! पट्टा काढला, पंप काढला, विषय संपला. पूर्वी कुठं होतं पॉवर स्टिअरिंग? लोक गाड्या चालवतच होते ना?"

वाचकहो, "पूर्वी कुठं होतं?" या तीन शब्दांनी मराठी मध्यमवर्गाची जेवढी दिशाभूल केली आहे तेवढी कुठल्याही जाहिरातीने केली नसेल. पण त्या क्षणी मला ते शब्द वेदवाक्यासारखे वाटले; कारण त्यांत अठरा हजार वाचत होते.

संध्याकाळी पुतण्या आला. हा हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसतो. त्याला गाड्यांचा भारी नाद. "काका, बेस्ट आयडिया!" तो उसळलाच. "पॉवर स्टिअरिंग म्हणजे रस्त्याशी संबंधच तुटतो. ते काढलं की रोड फील येतो. खरे शौकीन लोक मुद्दाम काढून टाकतात. गाडीचं वजन कमी होतं, इंजिनावरचा भार जातो, पेट्रोल वाचतं." हा उपदेश करून तो आपल्या नव्या गाडीत बसून निघून गेला. तिला गिअर बदलावा लागत नाही, आणि चाक फिरवायला विजेची मोटर आहे. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे मी, माझे दंड आणि खंबाटकीचा घाट असं चित्र तरळत होतं.

सौ.ला विचारलं का? नाही विचारलं. ती स्वयंपाकघरात होती आणि हा विषय यंत्राचा होता. या वाक्याची शिक्षा पुढे यथास्थित मिळाली.

आता मुळात ही भानगड काय असते ते सांगतो. मलाही ते काढून टाकल्यावरच कळलं. इंजिनावरच्या पट्ट्याने एक पंप फिरतो. तो तेलाला दाब देतो. तुम्ही चाक जरा फिरवलंत की एक झडप उघडते आणि ते दाबाचं तेल रॅकमधल्या दट्ट्याच्या एका बाजूला शिरून त्याला ढकलतं. दट्ट्या रॅकला आणि रॅक चाकांना. थोडक्यात, तुम्ही फक्त सूचना करायची, ओझं तेलाने वाहायचं. सरकारी कचेरीत साहेब सही करतात आणि फायली मात्र शिपाई उचलतो, तसलाच हा प्रकार. आम्ही काय केलं, तर शिपायाला काढलं आणि साहेबांना सांगितलं, आता तुम्हीच उचला.

बरं, शिपाई गेला, निदान जागा तरी मोकळी व्हावी! तेही नाही. रॅकमधला दट्ट्या तिथेच राहतो आणि नळ्यांत उरलेलं तेल आता तुम्हालाच मनगटाने इकडून तिकडे ढकलावं लागतं. शिवाय ज्या गाड्या मुळातच बिनपॉवरच्या असतात त्यांचे दाते वेगळ्या हिशेबाने कापलेले असतात. त्यांत चाकाचे वेढे जास्त घ्यावे लागतात, पण प्रत्येक वेढा हलका असतो. पॉवरवाल्या गाडीत वेढे कमी, कारण जोर तेल लावणार हे इंजिनिअरने धरलेलं असतं. पुढच्या चाकांचा कोनसुद्धा त्याच भरवशावर ठेवलेला असतो. म्हणून पॉवर काढलेली गाडी ही जुन्या गाडीसारखी होत नाही. ती जुन्या गाडीपेक्षाही जड होते. खरे शौकीन जे काढतात ते पट्टा ओढून घरी येत नाहीत. ते साधा रॅक मिळवून बसवतात, निदान आहे तो रॅक उघडून त्यातला दट्ट्याचा सील काढतात, झडपेतली ढिलाई बंद करतात. पुतण्याच्या प्रवचनात हा अध्याय नव्हता, आणि मिस्त्रीला दुपारी जेवायला जायचं होतं.

पहिल्या दिवशी गाडी बाहेर काढली. रस्त्याला लागून वेग घेतल्यावर खरंच छान वाटलं, खोटं कशाला बोलू? तीसच्या पुढे काही जड वाटत नाही. चाक हातात थरथरतं, रस्ता बोलल्यासारखा वाटतो. पुण्याचा रस्ता बोलायला लागला की काय बोलतो ते मी इथे लिहू शकत नाही. पण खरी परीक्षा गाडी लावताना. गाडी उभी, चाकं जागच्या जागी वळवायची, मागे भिंत, पुढे कुणाची तरी नवी कोरी मोटार. मी दोन्ही हातांनी चाकाला लोंबकळलो. तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून वॉचमन पळत आला. त्याला वाटलं साहेबांना झटका आला. सातव्या प्रयत्नात गाडी लागली. संध्याकाळी खांद्याला बाम चोळताना मी सौ.ला म्हणालो, "व्यायाम होतो."

"हो का?" ती म्हणाली. एवढंच.

आता पेट्रोलचं बघू. सरळ रस्त्यावर तो पंप इंजिनाकडून फारसं काही मागत नाही. त्याचा खरा जोर खर्च होतो तो गाडी वळवताना, म्हणजे नेमका आपल्याला हवा असतो तेव्हा. वाचलेलं पेट्रोल मला महिनाअखेर शोधूनही सापडलं नाही. बामाच्या तीन बाटल्या मात्र हिशेबाच्या वहीत सापडल्या. वजन कमी झालं म्हणता, तर चार-दोन किलोंचं लोखंड गेलं असेल. तेवढं तर मी दिवाळीनंतर एकटाच वाढवतो.

आणि "पूर्वी कुठं होतं?" पूर्वी नव्हतं, हे खरंच. एस्टीच्या जुन्या लाल गाडीचं स्टिअरिंग आठवतं? परातीएवढं. ते शोभेसाठी मोठं नव्हतं. चाक जितकं मोठं तितका जोर कमी लागतो म्हणून मोठं होतं. घाटातल्या वळणावर ड्रायव्हर सीटवरून अर्धा उठायचा आणि अंगाचा सगळा भार त्या चाकावर टाकायचा. आम्ही पोरं मागे बसून टाळ्या वाजवायचो. त्या माणसाचे खांदे रात्री काय म्हणत असतील, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली तेव्हा सगळ्यांचे डोळे पाणावले. माझेही पाणावले. पण पाणावलेल्यांत मागच्या सीटवर बसणारेच फार होते, असा माझा अंदाज आहे.

या सोयीला जे नाजूकपणाचं लक्षण म्हणतात त्यांना तिची जन्मकथा ठाऊक नाही. फ्रान्सिस डेव्हिस नावाचा अमेरिकन इंजिनिअर पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रकच्या विभागात काम करत होता. अवजड ट्रक वळवताना दणकट गडीसुद्धा मेटाकुटीला येतात हे बघून त्याने 1920 च्या दशकात तेलाच्या दाबावरचं स्टिअरिंग बनवलं. दुसऱ्या महायुद्धात ते चिलखती गाड्यांना बसलं आणि 1951 साली क्रायस्लरच्या इंपीरियल मोटारीतून ते घरगुती माणसांपर्यंत पोचलं. आधी ट्रक, मग रणगाड्यांचे भाऊबंद, आणि मग आपण! पहिलवानांनी ज्याला नमस्कार केला ते काढून टाकायला निघालेले आम्ही कोण, तर चाळिशीत चष्मा आणि साठीत गुडघ्याचा पट्टा लागलेले.

पण हे सगळं मी विनोदाने सोसलं असतं. खरी गोष्ट निराळीच आहे.

आमची सौ. सत्तेचाळिसाव्या वर्षी मोटार शिकली. दर मंगळवारी ती तिच्या आईला कोथरूडला व्यायामोपचारासाठी घेऊन जायची. गुरुवारी मैत्रिणींना गोळा करून गाण्याच्या क्लासला. पॉवर स्टिअरिंग गेल्यावर पहिल्या मंगळवारी ती गाडी घेऊन गेली. दुसऱ्या मंगळवारी रिक्षाने गेली. मी विचारलं तर म्हणाली, "तिकडे लावायला जागा नसते." गुरुवारी म्हणाली, "आज कंटाळा आलाय." तीन महिने किल्ली खुंटीला होती आणि मी एकटाच ती काढत होतो. हे माझ्या लक्षात कसं आलं? सासूबाईंमुळे. जिना उतरून रिक्षात चढताना त्यांना त्रास होतो, हे त्या माझ्याजवळ बोलल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "हिचा खांदा धरलाय ना. तुम्हाला माहीतच असेल."

मला माहीत नव्हतं. बामाच्या तीन बाटल्यांपैकी दोन मी संपवल्याच नव्हत्या, हे मला त्या दिवशी कळलं.

मग एकदम वडिलांची गाडी आठवली. 1978 ची पद्मिनी. घरात सगळे तिला फियाट म्हणायचे. आईने ती कधी चालवली नाही. वीस वर्षं ती डावीकडे, मांडीवर पिशवी घेऊन बसली. "बाईमाणसाला झेपायची नाही," असं सगळे म्हणत, आणि आम्ही समजत होतो की उणीव आईत आहे. गाडीत उणीव असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सोय नव्हती तेव्हा झेपणाऱ्यांनी गाड्या चालवल्या आणि न झेपणाऱ्यांनी शेजारी बसून रस्ता बघितला. आणि आज त्यातले झेपणारेच उठून सांगतात, पूर्वी आमचं काही अडत नव्हतं! अहो, तुमचं नव्हतं अडत! रोड फील, रोड फील म्हणून जे मिरवतात त्यांनी एकदा घरातल्या सगळ्यांना ओळीने त्या चाकावर बसवावं, आणि ज्याला ते वळवता येणार नाही त्याला विचारावं की बाबा, तुला कसला फील येतोय?

दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीकडे गेलो. वाटेत शेजारचे वकील भेटले. त्यांनी 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम ऐकवलं. कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्र जुळणार नाही, असे फेरफार मालकाने गाडीत करायचे नसतात. "नोंदणीपत्रात स्टिअरिंगचा रकाना तरी कुठे आहे?" मी वकिली केली. ते म्हणाले, "हा विनोद अपघात झाल्यावर विमा कंपनीला सांगा." मी गप्प बसलो.

मिस्त्रीने जुना पंप भंगारात घातला होता. नवा पंप, नवा रॅक, नव्या नळ्या, मजुरी आणि चाकांची अलाइनमेंट मिळून एकतीस हजार झाले. म्हणजे अठरा हजार वाचवायला मला तेरा हजार जास्त लागले. पुतण्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "काका, मग ओरिजिनल ठेवलंत तेच बेस्ट."

पुढच्या मंगळवारी मी किल्ली सौ.च्या हातात दिली आणि स्वतः डावीकडे बसलो. मांडीवर पिशवी होती. तीत सासूबाईंचा थर्मास होता. कोथरूडला एका चिंचोळ्या फटीत तिने एका दमात गाडी लावली. मी काही बोललो नाही. येताना कर्वे रस्त्यावर एका खड्ड्यात गाडी आपटली, थर्मास माझ्या गुडघ्यावर आदळला आणि मी कळवळलो.

रस्त्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "काय हो, आला का रोड फील?"

मागच्या सीटवर सासूबाई किती तरी दिवसांनी मोठ्याने हसल्या.