ड्रायर फिरतो, पण तापत नाही

अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकरांनी बांधलेल्या काशीच्या दुर्गाघाटामागे मराठी घरांची जुनी वस्ती आहे. गल्ल्या इतक्या अरुंद, की जानेवारीच्या धुक्यात दांडीवरचं सोवळं वाळता वाळत नाही. अशा वस्तीत ड्रायर म्हणजे चैन नव्हे.

मात्र आपल्याकडे ‘ड्रायर’ म्हणवणाऱ्या बऱ्याच यंत्रांना तापायचंच नसतं. सेमी-ऑटोमॅटिकचा दुसरा टब कपडे गरगर फिरवून पाणी काढतो, बस्स. (दुकानदाराने हे विकतानाच सांगायला काय हरकत आहे?)

खरा टंबल ड्रायर फिरूनही गार राहिला, तर पहिला संशय जाळीवर घ्यावा. तिच्यावर कपड्यांच्या तंतूंचा करडा, मऊ थर बसतो. हवा अडते, आतली उष्णता वाढते आणि थर्मल फ्यूज उडतो. अनेक मॉडेलांत मोटर तरीही चालूच राहते, कॉइल तेवढी बंद. नुसता फ्यूज बदलून, जाळी आणि हवेची नळी तशीच ठेवून जाणाऱ्या मेकॅनिकला पुन्हा बोलवावंच लागतं. फ्यूज टाळून थेट तार जोडणारा तर आगीलाच आवतण देतो.

दुसरा चोर म्हणजे कमी दाबाची वीज. २३०ऐवजी १८० व्होल्ट आले, की कॉइलची उष्णता सुमारे ६१ टक्क्यांवर येते. अशा वेळी नवी कॉइल घेऊन काय साधणार? सॉकेटवरचा दाब आधी इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावा, बिलाचं नंतर बघू.