दधीचिव्रत कोणी घ्यायचे?

प्रजासत्ताकदिनी कर्तव्यपथावरून परमवीर चक्राचे मानकरी सलामी देत पुढे जातात, तेव्हा प्रत्येक भारतीयाची मान अभिमानाने ताठ होते. जांभळ्या फितीला अडकवलेले, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर व्यासाचे ते कांस्यपदक. मध्यभागी राजमुद्रा आणि तिच्या चहूबाजूंना इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती. स्वतंत्र भारताच्या इतिहासात अवघ्या एकवीस वीरांना ते लाभले आणि त्यांतील चौदा जणांना मरणोत्तर. त्या एकवीस वीरांची नावे २०२३ साली अंदमान-निकोबारमधील एकवीस बेटांना देण्यात आली, हे उचितच झाले. परंतु हे पदक जिच्या प्रतिभेतून साकारले, ती एका मराठी सेनाधिकाऱ्याची पत्नी होती आणि तिच्या आयुष्याचा फार मोठा भाग निरपेक्ष समाजसेवेत गेला, हे आपल्याकडील किती घरांना ठाऊक आहे?

सावित्रीबाई खानोलकर यांचा जन्म २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधील न्युशातेल येथे झाला. त्यांचे माहेरचे नाव इव्ह. वडील हंगेरियन, आई रशियन. वडील जिनिव्हा विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, शामोनी येथे त्यांची विक्रम खानोलकर या तरुणाशी भेट झाली. विक्रम तेव्हा इंग्लंडमध्ये सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात शिकत होते. मुलीने इतक्या दूरच्या देशात जाण्यास वडिलांचा ठाम विरोध होता. तरीही इव्ह भारतात आली आणि १९३२ साली लखनौ येथे हा विवाह झाला. इव्हची सावित्री झाली, ती केवळ नावापुरती नव्हे. मराठी, हिंदी आणि संस्कृत या भाषा तिने आत्मसात केल्या. वेदान्त, पुराणे, उपनिषदे यांचे अध्ययन केले. महाराष्ट्रातील संतांवर इंग्रजीत ग्रंथ लिहून तिने आपल्या संतपरंपरेचा परिचय परभाषिकांना करून दिला. जन्माने मिळालेला वारसा अडगळीत टाकणारे आपल्यात कमी नाहीत. सावित्रीबाईंनी तोच वारसा निष्ठेने स्वीकारला आणि जगून दाखवला. राष्ट्रीयत्व हे रक्ताच्या रंगावर किंवा कातडीच्या वर्णावर ठरत नाही, ते या भूमीविषयीच्या आणि तिच्या संस्कृतीविषयीच्या समर्पणावर ठरते. या सिद्धान्ताचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश शौर्यपदकांच्या जागी भारतीय पदके निर्माण करण्याचे दायित्व मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे आले. भारतीय परंपरेची खोल जाण असलेल्या सावित्रीबाईंकडे त्यांनी सर्वोच्च पदकाच्या रचनेचे काम सोपवले. सावित्रीबाईंनी प्रतीक निवडले ते वज्राचे. वृत्रासुराच्या वधासाठी देवांना अमोघ शस्त्र हवे होते. महर्षी दधीचींनी आपला देह ठेवला आणि त्यांच्या अस्थींपासून वज्र घडले. येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. देशातील सर्वश्रेष्ठ योद्ध्याच्या छातीवर जे चिन्ह मिरवते, ते ज्याच्या त्यागातून जन्मले तो दधीची स्वतः योद्धा नव्हता. त्याने रणांगणावर पाऊलही टाकले नाही. लढणारा इंद्र होता, परंतु ज्या शस्त्राने तो लढला, ते एका तपस्व्याने मागे राहून दिले होते. सैनिकाचे बळ हे त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या समाजाच्या त्यागातून येते, हेच जणू ते पदक सांगते.

२६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्राची स्थापना झाली आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आले. पहिले मानकरी ठरले ४ कुमाऊँ पलटणीचे मेजर सोमनाथ शर्मा. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे, प्लास्टर घातलेल्या हातानिशी, कितीतरी पटींनी अधिक असलेल्या आक्रमकांना थोपवून धरत त्यांनी प्राणार्पण केले आणि श्रीनगरचा विमानतळ वाचला. योगायोग असा की, सावित्रीबाईंची थोरली कन्या याच सोमनाथांच्या धाकट्या बंधूंची पत्नी. पदक घडवणारे घर आणि पदकाची किंमत चुकवणारे घर यांच्यात सोयरीक होती.

फाळणीने एक कोटीहून अधिक माणसे उघड्यावर आणली होती. त्या निर्वासितांसाठी सावित्रीबाईंनी काम केले. सैनिकांची कुटुंबे आणि युद्धात वैधव्य आलेल्या स्त्रिया यांच्या सेवेत त्या सातत्याने राहिल्या. १९५२ साली मेजर जनरल विक्रम खानोलकर यांचे अकाली निधन झाले. ज्या दुःखात त्या इतरांना आधार देत आल्या, ते त्यांच्या स्वतःच्या उंबऱ्यात आले. त्यांनी अध्यात्माचा आधार घेतला, रामकृष्ण मठाशी त्या जोडल्या गेल्या. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांनी देह ठेवला. सेवेचा गाजावाजा न करण्याच्या वृत्तीमुळे त्यांचे नाव समाजाला फार उशिरा कळले.

सावित्रीबाईंचे स्मरण करायचे ते केवळ गौरवगान म्हणून नव्हे. त्यांच्या चरित्रातून समाजाला एक अवघड प्रश्न विचारावा लागतो. सैनिकाची पत्नी दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवते, मुलांच्या शाळा बदलते, सासू-सासऱ्यांची आजारपणे एकटीने निभावते आणि सीमेवरील बातमी ऐकताना जीव मुठीत धरून बसते. एवढे करून छावणीतील इतर कुटुंबांच्या सुखदुःखातही ती धावून जाते. तिच्या त्यागाची स्तुती करताना समाजाची वाणी थकत नाही. परंतु दधीचिव्रत तिनेच घ्यायचे आणि आपण हार घालून मोकळे व्हायचे, हा कोणता न्याय? युद्धकाळात उचंबळणारी देशभक्ती तोफा थंडावताच ओसरत असेल, तर ती भक्ती नव्हे, भावनेचा पूर आहे.

वीरपत्नीकडे पाहण्याची दृष्टी किती संकुचित राहिली, याचा दाखला खुद्द शौर्यपदकांच्या नियमांतच होता. मरणोत्तर पदकासोबत मिळणारा मासिक भत्ता विधवेने पुनर्विवाह केल्यास बंद होत असे. अपवाद एकच, तिने दिवंगत पतीच्या भावाशी विवाह केला तर. म्हणजे वीराचा सन्मान कायम, पण त्याच्या पत्नीने आपले उर्वरित आयुष्य कोणासोबत काढावे, हे मात्र भत्त्याच्या अटीने ठरवायचे! ही अट संरक्षण मंत्रालयाने २०१७ साली रद्द केली. नियम बदलला, मने बदलली का? महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवा असलेल्या गोदूबाईंशी विवाह केला, त्याच महाराष्ट्रात तरुण वीरपत्नीच्या पुनर्विवाहाचा विषय निघताच आजही घरातील माणसे गप्प होतात. मदतनिधीच्या रकमेवरून सासर आणि माहेर यांच्यात वाद होतात आणि मधल्या मध्ये ती पोरकी होते. हुतात्म्याच्या स्मारकाला रंग देणारे गाव त्याच्या घरातील या कलहाकडे डोळेझाक करत असेल, तर त्या रंगाला काय अर्थ?

येथे कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीला हातभार लावणे हे किमान कर्तव्य झाले. त्यापुढे जाऊन आपल्या तालुक्यातील वीरपत्नी आणि वीरमाता यांच्याशी वर्षभराचा संपर्क हवा. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, दरवर्षीचा हयातीचा दाखला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील खेपा, मुलांची शिष्यवृत्ती, एकट्या म्हाताऱ्यांचे औषधपाणी यांत सोबत करणारा एक माणूस प्रत्येक गावात उभा राहू शकतो. तिला शिकायचे असेल, नोकरी करायची असेल, नव्याने संसार मांडायचा असेल, तर तिच्या बाजूने बोलणारी चार वडीलधारी माणसे हवीत. दयेच्या नव्हे, आप्तभावाच्या नात्याने हे व्हायला हवे. यासाठी मोठा निधी लागत नाही, भाषण लागत नाही. लागतो तो नियमित दिलेला वेळ.

सातासमुद्रापलीकडून आलेल्या एका स्त्रीने हा देश आपला मानला, त्याच्या वीरांसाठी दधीचीच्या अस्थींचे प्रतीक शोधले आणि त्या वीरांच्या घरच्यांचे अश्रू पुसण्यात आयुष्य वेचले. ज्यांना हा देश जन्मानेच आपला आहे, त्यांनी आठवड्यातील दोन तास देणे हे काही फार मोठे दधीचिव्रत नव्हे. निदान तेवढे तरी घेऊया.