साथीची वही कोणाच्या हाती?

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारपेठेत भोवतालच्या गावांतील शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांपुढे एकच मागणी ठेवली: रोखे आणि खतावण्या आमच्या हवाली करा. काही ठिकाणी लूट झाली, जाळपोळही झाली. परंतु त्या उठावाचे खरे लक्ष्य धान्य किंवा दागिने हे नव्हते. ज्या कागदावर आपला अंगठा आहे, पण ज्यावरचे अक्षर आपल्याला वाचता येत नाही, तो कागद त्या शेतकऱ्यांना नाहीसा करावयाचा होता. उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरला, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना थोडाफार दिलासा देणारा कायदा करावा लागला.

या घटनेला आता दीडशे वर्षे होऊन गेली. सुप्याच्या परिसरात आज दुसऱ्याच एका वहीचा प्रश्न उभा आहे. ही वही तापाची, जुलाबाची, काविळीची आहे. गावात रोगाची साथ आली की नावे आपली, रक्त आपले, बुडालेली मजुरीही आपली. पण नोंद होते दुसऱ्याच्या हातून, तपासणी होते दुसऱ्या गावी आणि निष्कर्ष वाचला जातो तिसऱ्याच दालनात. साथींचा शोध घेण्याचे आणि त्या आटोक्यात आणण्याचे प्रशिक्षण कोणाला द्यावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ वैद्यकाचा नाही. नोंदीवर मालकी कोणाची, हा तो प्रश्न आहे.

उदाहरण दूरचे नको. सुप्याहून मोरगाव-जेजुरीच्या वाटेला लागले की पुढे पुरंदर तालुक्यातील बेलसर हे गाव आहे. तेथे जुलै २०२१ च्या पहिल्या आठवड्यापासून तापाचे रुग्ण वाढू लागले. आरंभी पाच नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले. त्यांपैकी तिनांत चिकुनगुन्या निघाला. पुढे २७ ते २९ जुलै या दिवसांत संस्थेच्या पथकाने बेलसर व परिंचे येथे ४१ जणांचे रक्त घेतले. २५ नमुन्यांत चिकुनगुन्या, तिनांत डेंगी आणि बेलसरच्या एका बाईच्या रक्तात झिका आढळला. महाराष्ट्रात नोंदला गेलेला हा झिकाचा पहिला रुग्ण. ती बाई बरी झाली. मग दिल्लीचे पथक आले, वार्ताहर आले आणि बेलसर चार दिवस देशभर गाजले.

ज्यांनी हे काम केले त्यांना आम्ही दोष देत नाही. उलट, पथक चिकाटीने गावात फिरले म्हणूनच झिका हाती लागला. परंतु दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिला आठवडा ते २७ जुलै या काळात तीन आठवडे गेले. ज्या एडिस डासाने हे तिन्ही रोग पसरतात, त्याला अंड्यापासून पूर्ण वाढायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे तेवढ्या अवधीत डासांच्या दोन पिढ्या उडून गेल्या. दुसरी गोष्ट अशी की, १९५२ साली स्थापन झालेली, देशातील अग्रगण्य गणली जाणारी विषाणू संस्था बेलसरपासून पन्नास किलोमीटरच्या आत आहे. ज्या गावांपासून ती पाचशे किलोमीटरवर आहे त्यांचे काय? झिका बेलसरला सापडला, याचा अर्थ तो बेलसरलाच होता असा होत नाही. तेथे कोणी शोधले, इतकाच त्याचा अर्थ.

शहराची अवस्था तरी कोठे बरी आहे? जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी या भागांत गियां-बारे आजाराचे रुग्ण वाढले. हातापायांतील शक्ती गेलेली माणसे रुग्णालयांत दाखल होऊ लागली तेव्हा साथ दिसली. काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि संशयाचे बोट पाण्याकडे वळले. हा जंतू आधी जुलाब लावतो. अंग लुळे पडते ते त्यानंतर, आठवड्या-दोन आठवड्यांनी आणि अगदी थोड्या जणांचे. ज्या वस्तीत जुलाबाचे रुग्ण घरोघर मोजले जातात, तेथे धोक्याची घंटा आधी वाजते. जेथे ते मोजले जात नाहीत, तेथे ती अतिदक्षता विभागात वाजते.

साथीचा शोध म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. रुग्ण कोणाला म्हणावयाचे याची व्याख्या ठरवावी; घरोघर जाऊन रुग्णांची यादी करावी; कोण, कोठे, केव्हा आजारी पडला हे मांडावे; तारखांचा आलेख काढावा; आजारी आणि निरोगी माणसांत पाण्याचा, अन्नाचा, कामाचा कोणता फरक आहे हे पाहावे; संशय बांधावा, तो तपासावा आणि उपाय मात्र तपासणीच्या निकालाची वाट न पाहता सुरू करावा. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टराने पटकीने दगावलेल्यांची घरे नकाशावर मांडली आणि एका सार्वजनिक पंपाचा दांडा काढून घ्यावयास लावला. पटकीचा जंतू तेव्हा वैद्यकविश्वाने स्वीकारलेलाही नव्हता. वही, नकाशा आणि लोकांशी बोलण्याची तयारी एवढेच त्याचे भांडवल होते.

आपल्याकडे हे शिक्षण कोणाला मिळते? चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेत २००१ पासून क्षेत्रीय साथरोगविज्ञानाचा अभ्यासक्रम चालतो. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने अमेरिकी संस्थेच्या सहकार्याने २०१२ मध्ये डॉक्टरांसाठी दोन वर्षांचे प्रशिक्षण सुरू केले. हे अभ्यासक्रम उत्तमच आहेत आणि त्यांतून तयार झालेल्यांनी मोलाचे काम केले आहे. पण ही शिडी वरून बांधली गेली आहे. खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या आरोग्यसेवकाच्या आणि आशाताईंच्या वाट्याला काय येते? एक दिवसाची कार्यशाळा, पाठीमागे फलक, हजेरीपत्रकावर सही, दुपारचे जेवण आणि सायंकाळी प्रमाणपत्र. दुसऱ्या दिवशी तोच आरोग्यसेवक उद्दिष्टांचे तक्ते भरावयास बसतो. शिकलेले वापरण्याची सवड नाही, अधिकार नाही आणि जिल्ह्याच्या साथरोगतज्ज्ञाची नोकरी कंत्राटी! ज्याची स्वतःची खुर्ची अकरा महिन्यांची, तो साखर कारखान्याच्या सांडपाण्याबद्दल किंवा ग्रामपंचायतीच्या टाकीबद्दल स्पष्ट अहवाल कोणत्या बळावर लिहिणार?

आणि योगायोग पाहा. बेलसरला ताप सुरू होण्याच्या अवघे तीन आठवडे आधी, १५ जून २०२१ पासून, महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशा कार्यकर्त्या मानधनासाठी संपावर गेल्या होत्या. करोनाच्या काळात त्यांनी घरोघर जाऊन रुग्ण शोधले. पुढे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला. पुरस्कार जगाने दिला; कामगार म्हणून हक्क मात्र सरकारने दिले नाहीत. स्वयंसेविका म्हणावयाचे, पण कामाला सुट्टी नाही. आरोग्यव्यवस्थेचा कणा म्हणावयाचे, पण त्या कण्याला वेतनश्रेणी नाही.

यावर तज्ज्ञांचा आक्षेप ठरलेला असतो: हे काम शास्त्रीय आहे, अल्पशिक्षितांना ते झेपणार नाही. याला इतिहासानेच उत्तर दिले आहे. देवीचे निर्मूलन प्रयोगशाळांत बसून झाले नाही. हजारो शोधकांनी रुग्णाचे चित्र हाती घेऊन घराघरांत, बाजारांत, शाळांत विचारणा केली. १९७५ साली देशातील अखेरचा रुग्ण सापडला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. त्याच दशकात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अक्षरओळखही जेमतेम असलेल्या स्त्रियांना गावाच्या आरोग्याची जबाबदारी शिकवून दाखवली. अर्थात विषाणू ओळखायला प्रयोगशाळा लागते, पृथक्करणाला तज्ज्ञ लागतो. पण गेल्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात तापाचे उंबरे वाढले आहेत, हे दिल्लीला कधीच आधी कळत नाही. ते गल्लीला कळते.

आता सुप्याकडे वळू. बारामती म्हटले की बागायत, ऊस आणि कारखाने डोळ्यांपुढे येतात. सुपे परगणा मात्र त्याच तालुक्याचा जिरायती, अवर्षणग्रस्त भाग. येथे पाणी साठवणे ही चैन नसून गरज आहे. रांजण, बॅरल, सिमेंटच्या टाक्या भरून ठेवाव्या लागतात आणि एडिस डासाला नेमके तेच स्वच्छ, साचलेले पाणी लागते. आरोग्य खाते सांगते, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सर्व भांडी रिकामी करा. ज्या वाडीला टँकरची वाट पाहावी लागते तिने भांडे ओतावे तरी कोठे? जेथे नळच आठवडाभर कोरडा, तेथे कोरड्या दिवसाचा उपदेश ही क्रूर थट्टा होय. खऱ्या शोधाचा अहवाल डासापाशी थांबत नाही, तो पाणीवाटपापर्यंत पोचतो. म्हणूनच राज्यकर्त्यांना तपासापेक्षा धूरफवारणी अधिक प्रिय असते. धूर दिसतो, त्याचे छायाचित्र निघते आणि बॅरलमधल्या अळ्या मात्र जशाच्या तशा राहतात.

दुसरी गोष्ट मोजदादीची. शंभरांत किती आजारी पडले हे सांगायला मुळात शंभर माणसे मोजावी लागतात. बारामती-इंदापूरच्या कारखान्यांच्या हंगामात बीड आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोडणी मजूर येतात, फडाजवळ कोप्या घालून राहतात, मिळेल ते पाणी पितात. गावाच्या यादीत ते नसतात, कारखान्याच्या लेखी ते मुकादमाची माणसे असतात. ज्याची गणना नाही, त्याचा आजार अपूर्णांकातही बसत नाही. साथ कोपीत सुरू झाली तर ती गावात शिरल्यावरच ‘सुरू’ झाल्याची नोंद होते, आणि मग दोषही परक्या मजुरांच्याच माथी मारला जातो.

१८९७ साली पुण्यात प्लेगचा बंदोबस्त लष्कराकडे देण्यात आला आणि घरे उपसली गेली. त्याच वर्षी हडपसरनजीक सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांनी रुग्णांची शुश्रूषा केली. त्यातच १० मार्चला सावित्रीबाईंचा अंत झाला. त्याच वर्षीचा साथरोग कायदा २०२० मध्ये करोनासाठी पुन्हा बाहेर काढला गेला. तो कायदा सरकारला निर्बंधांचा अधिकार देतो. साथीचे कारण जाणून घेण्याचा हक्क लोकांना देत नाही. माहिती दिल्याने घबराट पसरते, असे अधिकारी म्हणतात. वस्तुतः घबराट पसरते ती माहिती लपवल्याने.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात साथशोधाचे तीन महिन्यांचे, पगारी आणि प्रत्यक्ष गावात दिलेले प्रशिक्षण घेतलेला एक कायम कर्मचारी असावा आणि त्याला पाण्याचा स्रोत बंद करण्याची शिफारस लेखी करण्याचा अधिकार असावा. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या विद्यार्थ्यांनी आणि परिसरातील आरोग्यसेवकांनी सुप्याच्या वाड्यांत एकत्र शिकावे, एका तरी साथीचा शोध घेतल्याशिवाय कोणी डॉक्टर म्हणून बाहेर पडू नये. गावातून नेलेल्या नमुन्यांचा निष्कर्ष, रुग्णांची नावे वगळून, ठरावीक मुदतीत ग्रामसभेपुढे वाचला जावा. ऊसतोडणी मजुरांची आरोग्यगणना हंगामाच्या आरंभी कारखान्याच्या खर्चाने व्हावी. आणि आशांना कामगार म्हणून वेतन मिळावे.

अखेरीस दोन शब्द आपल्या कार्यकर्त्यांसाठी. गावात ताप आला की आपणही धूरफवारणीसाठी मोर्चा काढतो आणि यंत्र आले की विजय झाला असे मानतो. हा आपला आळस आहे. मोर्चाच्या आधी घरोघर जाऊन किती उंबऱ्यांत ताप आहे, कोण कोणते पाणी पितो, कोणाच्या किती खाड्या पडल्या, हे आपण लिहून काढले पाहिजे आणि आशाताईंना सोबत घेऊन ती यादी आरोग्य केंद्राच्या टेबलावर ठेवली पाहिजे. सुप्याच्या शेतकऱ्यांनी १८७५ साली वह्या जाळल्या, कारण त्या लिहिण्याचा अधिकार त्यांच्यापाशी नव्हता. आपल्यापाशी अक्षर आहे. आता ही वही आपण लिहावयाची आहे.