भंगारात देण्याआधी एरर वाचा

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत पाच जुने डेस्कटॉप आहेत. एका ऑफिसने काढून टाकलेले, उबंटू १४.०४ घातलेले. बारावीच्या एका मुलीला प्रोग्रॅमिंगचं एक टूल हवं होतं. तिने इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवली आणि स्क्रीनवर एकच ओळ आली : सिन्टॅक्स एरर, अनपेक्षित कंस. शेजारी उभ्या असलेल्या आमच्या एका शिकलेल्या कार्यकर्त्याने लगेच निकाल देऊन टाकला, "मशीनच जुनं झालंय. भंगारात द्या. लॅपटॉपसाठी वर्गणी काढू."

माझं भांडण या निकालाशी आहे.

मशीनला काहीही झालेलं नव्हतं. स्क्रिप्ट बॅशसाठी लिहिलेली होती, तिच्यात बॅशचे ॲरे होते. मुलीने पाहिलेल्या व्हिडिओत मात्र फाइलच्या नावाआधी 'एसएच' लिहायला सांगितलं होतं. २००६ साली आलेल्या ६.१० आवृत्तीपासून उबंटूवर एसएच म्हणजे बॅश नसतो. तो असतो डॅश नावाचा छोटा, वेगवान शेल, आणि त्याला ॲरे कळत नाहीत. फाइलच्या पहिल्या ओळीत बॅशचं नाव असलं तरी तुम्ही स्वतःच एसएचला बोलावलंत की त्या ओळीला काही अर्थ उरत नाही. आजच्या कोऱ्या लॅपटॉपवर आजचं उबंटू घाला, तिथेही हीच एरर येईल. मग तोही भंगारात देणार का? आम्ही एसएचच्या जागी बॅश लिहिलं. स्क्रिप्ट पुढे सरकली.

थोडी पुढे गेली आणि पुन्हा अडकली. या वेळी सर्टिफिकेटची एरर होती. आता कार्यकर्त्याने मोबाइलवर उत्तर शोधलं : कर्लला हायफन-के लावा. मी त्याचा हात धरला. हायफन-के म्हणजे समोरचा सर्व्हर खरा आहे की तोतया, हे तपासूच नको असा हुकूम. त्याच्यापुढे सुडो. म्हणजे दारात कोण आहे हे न विचारता कडी काढायची आणि वर तिजोरीची किल्लीही त्याच्या हातात द्यायची.

आधी तारीख तर बघा! त्या मशीनवर २०१० साल चालू होतं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता, आणि इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय कुणीतरी बंद करून ठेवली होती. २०१० मध्ये जगणाऱ्या मशीनला आजचं प्रत्येक सर्टिफिकेट भविष्यातलं वाटणार. ते नाकारणं हे त्याचं कामच आहे. तारीख लावली, काम झालं. सेल घड्याळवाल्याकडे मिळाला.

घड्याळ बरोबर असूनही असं होतं, हे खरं. ३० सप्टेंबर २०२१ रोजी 'डीएसटी रूट सीए एक्स३' या मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली आणि जुनं ओपनएसएसएल असलेल्या कितीतरी सिस्टिमवर चांगल्या साइट्सही खोट्या ठरू लागल्या. त्याचाही इलाज होता : मेलेलं मूळ यादीतून काढा, नवं यादीत आहे ना ते बघा. तपासणीच बंद करा, हा इलाज नव्हता.

तपासणीने काय होतं? २०२१ मध्येच कोडकव्ह या कंपनीच्या बॅश स्क्रिप्टमध्ये कुणीतरी शिरून फेरफार केला होता. ३१ जानेवारीपासून ती लोकांच्या गुप्त किल्ल्या बाहेरच्या सर्व्हरला पाठवत होती. जगभरचे इंजिनिअर, माझ्यासारखे पदवीवाले, ती डोळे झाकून चालवत होते. १ एप्रिलला एका ग्राहकाने उतरवलेल्या फाइलचा शासम प्रसिद्ध केलेल्या शासमशी ताडून पाहिला. जुळला नाही. तेव्हा कुठे चोरी उघडकीला आली.

आपल्या बैठकांमध्ये आपण बुजुर्गांना विचारतो, दलील काय? घरच्यांचा राग ओढवून घेतो. आणि अनोळखी माणसाने लिहिलेली ओळ सुडो लावून, न वाचता, रूटच्या हक्काने चालवतो. ही कसली तकलीद? फाइल आधी उतरवा, उघडून वाचा. अडली तर बॅशला हायफन-एक्स देऊन चालवा. कुठल्या ओळीवर अडली ते तीच सांगते. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. बॅशमध्ये लिहायचं आणि वर एसएचचा शिक्का मारायचा, हा निव्वळ आळस आहे.

तिसरी एरर मात्र खरी होती. टूल बसलं, पण चालेना : जीलिबसी २.२८ सापडलं नाही. उबंटू १४.०४ मध्ये २.१९ आहे, एलडीडीला आवृत्ती विचारली की कळतं. इथे स्क्रिप्टशी झटापट करण्यात अर्थ नाही. आणि जीलिबसी हाताने बदलायला तर मुळीच जाऊ नका. सगळी सिस्टिम त्यावरच उभी असते, चुकलात तर एलएसदेखील चालणार नाही. पण इथेही म्हातारं झालं होतं ते उबंटू. हार्डवेअरला त्यात ओढू नका. एलएससीपीयू चालवलं. पाचपैकी चार प्रोसेसर ६४-बिटचे निघाले, त्यातल्या दोघांवर कुणीतरी उगाच ३२-बिट उबंटू घालून ठेवलं होतं. डेटा बाजूला काढला आणि पेनड्राइव्हवरून डेबियन १२ चढवलं, हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपसह. त्यात जीलिबसी २.३६ असतं.

पहिलं मशीन मी केलं. उरलेली तीन त्या मुलीने केली. तिसऱ्याच्या वेळी तिने मला खुर्चीवरून उठवलं.

लॅपटॉपच्या वर्गणीला माझा विरोध नाही. पण ती जमून लॅपटॉप येईपर्यंत, पाहुण्यांच्या हस्ते वाटप होऊन फोटो निघेपर्यंत, तिचे सहा महिने गेले असते. आपल्याकडे मुलीचं शिक्षण थांबवायला तेवढे पुरतात.

पाचव्याचा प्रोसेसर खरोखरच ३२-बिटचा निघाला. त्याच्यावर आता लहान मुलं मराठी टायपिंग करतात.