न्यायासन धर्मपीठाच्या मालकीचे नाही

हॅरिएट मायर्स आयुष्यात कधी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसल्या नव्हत्या. राज्यघटनेवर त्यांचे म्हणावे असे लिखाणही नव्हते. ३ ऑक्टोबर २००५ रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांचे नाव जाहीर केले. त्याआधीच व्हाइट हाउसमधून बुश यांचे राजकीय सल्लागार कार्ल रोव यांचा एक फोन गेला होता. तो होता ‘फोकस ऑन द फॅमिली’ या ख्रिस्ती संघटनेचे संस्थापक जेम्स डॉब्सन यांना. फोनवर सांगितले काय? बाई इव्हँजेलिकल आहेत, त्यांचे चर्च कट्टर परंपरावादी आहे, तिथली मंडळी गर्भपाताच्या विरोधातली आहेत. डॉब्सन यांनी पाठिंबा दिला आणि आपल्याकडे आतली माहिती असल्याचे रेडिओवरून श्रोत्यांना ऐकवले. पुढे खुद्द अध्यक्षांनीही मायर्स यांच्या निवडीबद्दल बोलताना त्यांच्या धर्माचा दाखला दिला.

आमचा सवाल सरळ आहे. कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची कसोटी कधीही लावता येणार नाही, असे त्या देशाच्या राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदात १७८७ साली लिहून ठेवले आहे. मग त्याच घटनेखालच्या सर्वोच्च न्यायासनासाठी चर्चचा दाखला पुढे करण्याचा अधिकार अध्यक्षांना कुणी दिला? आणि तो तपासून पास-नापास ठरवण्याचा अधिकार डॉब्सन यांना कुणी दिला? कुणीही नाही. तो बळकावलेला अधिकार होता.

मायर्स टिकल्या नाहीत. त्यांची कायद्याची तयारी तोकडी आहे, असे बुश यांच्याच गोटातले लोक बोलू लागले आणि २७ ऑक्टोबरला त्यांनी माघार घेतली. चारच दिवसांत सॅम्युएल अलिटो यांचे नाव पुढे आले. ३१ जानेवारी २००६ रोजी ५८ विरुद्ध ४२ मतांनी सिनेटने त्यांना पसंती दिली, आणि त्यानंतर महिना-दीड महिन्यात डॉब्सन यांनी आपल्या कार्यक्रमात अलिटो यांचे आभाराचे पत्र वाचून दाखवले. आपल्यावर टाकलेला विश्वास न्यायालयात असेपर्यंत ध्यानात ठेवीन, अशा अर्थाचे वाक्य त्यात होते. ते अभिनंदनाला दिलेले उत्तर होते, असे न्यायालयाच्या वतीने सांगण्यात आले. असेल! पण ज्या न्यायाधीशापुढे उद्या त्या संघटनेच्या जिव्हाळ्याचा खटला येणार, त्याचे पत्र तिच्या रेडिओवरून लाखो श्रोत्यांना ऐकवले जाते, तेव्हा समोरच्या पक्षकाराने न्यायाची आशा कोणत्या तोंडाने धरायची?

या साऱ्याची नांदी मायर्स यांच्या निवडीच्या काही महिने आधीच झाली होती. २४ एप्रिल २००५, रविवार. केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरातले हायव्ह्यू बाप्टिस्ट चर्च. ‘फॅमिली रिसर्च कौन्सिल’ या ख्रिस्ती संघटनेने भरवलेल्या ‘जस्टिस संडे’ या सभेचे प्रक्षेपण देशभरच्या चर्चमध्ये दाखवले गेले. जाहिरातीच्या चित्रात एका तरुणाच्या एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात न्यायाधीशाचा हातोडा. म्हणजे दोहोंपैकी एकच निवडा, असा तुमच्यावर जुलूम चालला आहे! सिनेटमधले डेमोक्रॅट सदस्य भाषणे लांबवून बुश यांच्या न्यायाधीशांवरचे मतदान अडवतात, ते श्रद्धावंतांवर सूड उगवण्यासाठी, हा त्या सभेचा आरोप होता. सिनेटमधील बहुमत पक्षाचे तेव्हाचे नेते बिल फ्रिस्ट यांनी चित्रफितीतून या सभेपुढे भाषण केले.

हा आरोप धादांत खोटा होता. बुश यांच्या पहिल्या कारकिर्दीत दोनशेहून अधिक न्यायाधीशांना सिनेटने मान्यता दिली होती. अडवलेले होते दहा. जे दोनशे मंजूर झाले ते काय सगळे नास्तिक होते? आणि अडवणारे कोण? न्यायविषयक समितीतले पॅट्रिक लेही, टेड केनेडी, डिक डर्बिन. तिघेही कॅथलिक. या माणसांना धर्मद्वेष्टे म्हणून देशभरच्या प्रार्थनागृहांत उभे करणे म्हणजे शेजाऱ्यावर खोटी साक्ष देणे. ज्या दहा आज्ञा ही मंडळी न्यायालयांच्या भिंतींवर लावू पाहतात, त्यांत ही गोष्ट स्पष्ट शब्दांत निषिद्ध आहे.

आणि हे घडले बाप्टिस्टांच्या घरात, याची आम्हाला सर्वाधिक चीड आहे. अठराव्या शतकात व्हर्जिनियात सरकारमान्य चर्च होते ते अँग्लिकन. सरकारी परवाना न घेता प्रवचन करतात म्हणून बाप्टिस्ट उपदेशकांना तिथे तुरुंगात डांबत. शेजारच्या कल्पेपर परगण्यात असे पाच-सहा जण कोठडीत खितपत पडले आहेत हे पाहून पुढे अध्यक्ष झालेला तरुण जेम्स मॅडिसन संतापला. १७७४ च्या जानेवारीत मित्राला लिहिलेल्या पत्रात तो संताप आजही वाचायला मिळतो. पुढे १७८५ चे त्याचे धर्मस्वातंत्र्याच्या बाजूचे प्रसिद्ध निवेदन, १७८६ चा व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि १७९१ ची पहिली घटनादुरुस्ती, या सगळ्यामागे बाप्टिस्टांचा रेटा होता. चर्च आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीबद्दल अध्यक्ष जेफरसनने १ जानेवारी १८०२ रोजी ज्यांना लिहिले, तेही कनेक्टिकटमधल्या डॅनबरीचे बाप्टिस्टच. आपला विश्वास कोणत्याही न्यायाधीशाच्या हुकमाखाली येऊ नये यासाठी ज्यांच्या पूर्वजांनी कोठड्या भोगल्या, त्यांच्या वारसांनी इतरांच्या विवेकावर हुकूम चालवणारे न्यायाधीश मागावेत? हा पूर्वजांचा घात आहे.

१२ सप्टेंबर १९६० रोजी ह्यूस्टनमधल्या प्रॉटेस्टंट पाळकांसमोर अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी यांना उभे राहावे लागले. कॅथलिक माणूस अध्यक्ष झाला तर पोपच्या सांगण्याप्रमाणे वागेल, ही शंका फेडायला. त्याच्या तीन वर्षे आधी सर्वोच्च न्यायालयाचे कॅथलिक न्यायाधीश विल्यम ब्रेनन यांनाही सिनेटच्या समितीपुढे सांगावे लागले होते की निकाल देताना मी घटनेची शपथच मानीन. तेव्हा धर्मगुरूच्या शब्दाखाली वागणारा सत्ताधारी हा धोका मानला जात होता. पंचेचाळीस वर्षांनी त्याच प्रॉटेस्टंट व्यासपीठांवरून नेमका तसाच सत्ताधारी हवा, अशी हाक निघाली.

यावर ठरलेले उत्तर येते: श्रद्धावंताला नागरिकाचे हक्क नाहीत काय? मार्टिन लूथर किंग चर्चमधूनच बोलले ना? हो, बोलले आणि बोलायलाच हवे होते. पण जे हक्क घटनेने सर्वांना दिले आणि काळ्या माणसाला नाकारले गेले, ते त्याला मिळावेत एवढेच त्यांचे मागणे होते. आपल्या पंथाची शिकवण इतरांवर कायदा म्हणून लादा, असे ते म्हणाले नाहीत. अलिटो यांना विरोध करणाऱ्यांतही धर्मसंस्था होत्या. सुधारणावादी ज्यूंची संघटना त्यांत होती. न्यायाधीशाचे जुने निकाल काढा, त्यांतले तर्क तपासा, चूक दिसली तर चव्हाट्यावर मांडा, मग तुम्ही रब्बी असा की पाळक. पण उमेदवार कोणत्या चर्चमध्ये गुडघे टेकतो याची चौकशी करायची आणि त्यावरून त्याच्या भावी निकालाची हमी घ्यायची, ही धर्मसेवा नाही. हा निकालाचा आगाऊ सौदा आहे.

या चौकशीचे पाप दुसऱ्या बाजूनेही केले आहे. २०१७ साली अपील न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी एमी कोनी बॅरेट यांची सुनावणी चालू असताना डेमोक्रॅट सिनेटर डायन फाइनस्टाइन यांनी त्यांच्या कॅथलिक श्रद्धेवरच बोट ठेवले. तेही तितकेच निंद्य. १९१६ साली लुइस ब्रँडाइस यांना सर्वोच्च न्यायालयात पोहोचायला चार महिने झुंजावे लागले, त्यात त्यांच्या ज्यू असण्याचा द्वेष किती मिसळला होता हे इतिहासाला ठाऊक आहे. श्रद्धेची कसोटी एकदा लावली की ती पसंतीसाठी लावली की नापसंतीसाठी, हा फरक उरत नाही.

कायद्यानेही या मंडळींना वाट मोकळी करून दिली आहे. करमाफी घेणाऱ्या चर्चला १९५४ पासून निवडणुकीत उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. पण न्यायाधीशाच्या नेमणुकीवर सिनेटमध्ये होणारे मतदान निवडणुकीत मोडत नाही, असा अर्थ तिथल्या करखात्याने १९८८ मध्ये लावला. म्हणजे चार वर्षांसाठी निवडून येणाऱ्या नगरसेवकाविषयी पाळकाने गप्प बसायचे आणि तहहयात बसणाऱ्या न्यायाधीशासाठी, मर्यादेत का होईना, जोर लावायचा! ही पळवाट बुजवलीच पाहिजे.

मग २०१६ आले. आपण नेमलेले न्यायाधीश आले की गर्भपाताचा हक्क देणारा ‘रो’ निकाल आपोआप जाईल, असे डोनाल्ड ट्रम्प यांनी प्रचाराच्या वादसभेत उघड सांगितले. त्यांनी तिघांना नेमले. २४ जून २०२२ रोजी एकोणपन्नास वर्षे उभा असलेला तो निकाल कोसळला आणि कोसळवणारे निकालपत्र लिहिले अलिटो यांनी. त्याच महिन्यात फ्लोरिडातल्या बॉइंटन बीच इथल्या एका ज्यू प्रार्थनासभेने राज्याच्या गर्भपात कायद्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली होती: आईच्या शारीरिक वा मानसिक आरोग्यासाठी गरज असेल तर आमचा धर्म गर्भपात करायला सांगतो, तुमचा कायदा आम्हाला आमचा धर्म पाळू देत नाही. त्यांच्या श्रद्धेचे काय? ‘श्रद्धावंतांचे रक्षण’ म्हणून गर्जना करणाऱ्यांना श्रद्धावंत म्हणून फक्त आपलेच लोक दिसत होते.

डॉ. आंबेडकरांनी २४ मे १९४९ रोजी आपल्या घटना समितीत अमेरिकेची ही रीत नाकारली. न्यायाधीशांची नेमणूक कायदेमंडळाच्या संमतीवर सोपवली तर राजकीय दबाव शिरेल, असे त्यांनी बजावले होते. राजकीय दबावाच्या मागोमाग प्रार्थनागृहाचा दबाव येतो, हे लुइव्हिलने दाखवून दिले.

टेक्सासमध्ये, जॉर्जियात, फ्लोरिडात आज हजारो मराठी घरे आहेत. तिथल्या लेकी-सुना गर्भपाताचा हक्क काढून घेणाऱ्या त्या निकालाच्या छायेत डॉक्टरकडे जातात. त्या घरांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. नागरिक असाल तर तुमच्या सिनेटरला पत्र लिहा आणि विचारा की समोरच्या उमेदवाराचे निकाल तुम्ही वाचले काय. उद्या तुमच्या मंदिरातही कुणी कागद घेऊन येईल. हा न्यायाधीश ‘आपला’ आहे, याच्यासाठी सह्या करा म्हणेल. त्या कागदावर सही करू नका.