शेकाचा हिशेब रुग्णाच्या हाती द्या



‘एकदा शेक (रेडिएशन) घेतला की पुन्हा मिळत नाही,’ असं परळला टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या बाहेर फुटपाथवर पथारी टाकलेली माणसं एकमेकांना सांगत असतात. ते पुरतं खरं नाही. तोंडाचा, घशाचा कॅन्सर उलटला तर आधी ऑपरेशन जमतंय का ते पाहतात. नाही जमलं, तर निवडक रुग्णांना दुसऱ्यांदा रेडिएशन देता येतं. धोका मोठा असतो. जबड्याचं हाड सडतं, तोंड उघडेनासं होतं, क्वचित मानेतली मोठी धमनी फुटते. म्हणून डॉक्टर आधी विचारतात: पहिल्या वेळी किती ग्रे (शेकाचं माप) दिले, नेमके कुठे, संपून किती महिने झाले, मज्जारज्जूपर्यंत किती पोचले? मज्जारज्जू जुना शेक पुरता विसरत नाही.

माझ्या थोरल्या भावाचा कॅन्सर उलटला, तेव्हा त्याच्याकडे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मुंबईबाहेरच्या एका रुग्णालयाच्या कार्डावर ‘रेडिएशन पूर्ण’ एवढंच लिहिलेलं. तेहतीस वेळा चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आवळून घेतला, त्याची पावती दोन शब्दांची! चार वर्षांनी त्या शेकाचा प्लॅन मागायला गेलो, तर मशीन बदललं, जुनं काही उरलं नाही, म्हणाले. मग दुसऱ्या शेकाऐवजी गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांना मी नावं ठेवत नाही; टाटातल्याच 422 रुग्णांच्या चाचणीत मेथोट्रेक्सेट-सेलेकॉक्सिबच्या गोळ्या सिसप्लॅटिनच्या सलाइनपुढे कमी पडल्या नाहीत. पण दुसरा शेक द्यायचा की नाही, हे आमच्या बाबतीत हरवलेल्या फायलीने ठरवलं.

मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनुसार डॉक्टरांनी नोंदी तीन वर्षं ठेवायच्या, मागितल्या तर 72 तासांत द्यायच्या. पण त्यात तीन वर्षांची अट दाखल रुग्णांच्या नोंदींना आहे. शेक घेणारे बहुतेक लोक रोज येऊन-जाऊन घेतात. आणि आजार काही तीन वर्षांचं कॅलेंडर पाहून उलटत नाही.

तेव्हा शेवटच्या शेकाच्या दिवशीच एकूण ग्रे, किती वेळा, कोणत्या तारखांना, कोणत्या भागाला हे मराठीत लिहिलेला कागद आणि संपूर्ण प्लॅनची सीडी रुग्णाला मिळावी. शासनाने विमा योजनेचं बिल त्याशिवाय मंजूरच करू नये.

रुग्ण कागद हरवतात, असं एका कर्मचाऱ्याने मला ऐकवलं. आमच्या लालबागच्या चाळीत 1982 च्या गिरणी संपाआधीचे पास गिरणी कामगारांना मिळणाऱ्या घराच्या आशेवर अजून पत्र्याच्या ट्रंकेत जपलेले आहेत. सीडी चालवायला आमच्याकडे यंत्र नाही, हे खरं. डॉक्टरांकडे आहे.

– एक वाचक, लालबाग